खुर्च्यांचा हिशेब

डुलूथमध्ये एप्रिल उजाडला तरी सरोवरावर बर्फ असतो
आणि आमच्या पत्रकात चुका.
या महिन्याची चूक अशी:
तिसरा गुरुवार, सात वाजता, जुन्या बर्फ-कारखान्याचा मागला हॉल,
कवितावाचन.
तिसरा गुरुवार, सात वाजता, तोच हॉल,
अकॉर्डियन.

मार्लिस म्हणाली, मी फक्त टाइप केलं.
नेल्स म्हणाला, मी फक्त छापलं.
मी काहीच म्हणालो नाही. मी खुर्च्या मांडतो.
अकरा वर्षं मांडतोय. चाळीस आहेत,
तीन डुगडुगतात, त्या भिंतीशी ठेवतो,
समीक्षकांसाठी.
समीक्षक अजून आलेला नाही.

कवींना खुर्च्या अर्धगोलात हव्या असतात.
वाजवणाऱ्यांना नकोच असतात, मधली जागा मोकळी हवी,
कुणाला नाचावंसं वाटलं तर.
मी अर्ध्या मांडल्या, त्यातल्या अर्ध्या उचलल्या,
मग उरलेल्यांपैकी एकीवर बसून
सँडविच खाल्लं.

सात वाजता कवी सहा, वादक चार,
श्रोते नऊ,
त्यातले पाच कुणाकुणाचे नवरे नाहीतर बायका.

तह झाला: एक कविता, एक धून.
पहिला ऑर्विल. बत्तीस वर्षं
खनिजाच्या जहाजांवर इंजिनाला तेल घातलेला माणूस.
बॉयलरवर लिहितो, दुसऱ्या कशावर नाही,
आणि कागद धरण्याआधी अजून
पँटला हात पुसतो.
मग आइनोबाईंचा वॉल्ट्झ. वय एक्याऐंशी.
भाता उघडला की आधी त्यांचाच श्वास ऐकू येतो.
वाजत असताना कवी घड्याळं बघत होते,
वाचताना वादक मुक्यानं बटणं चाचपत होते.
टाळ्या पडल्या, पण मापून,
शिधा वाटावा तशा.

यादीत सातवं नाव थिर्झा.
तिला मी मोजलं नव्हतं.
नाव दर महिन्याला असतं, पण नंबर जवळ आला
की ती कोट चढवून बस गाठते.
आज बस चुकली होती,
किंवा तिनं चुकू दिली. मी विचारलं नाही.
उभी राहिली. एक ओळ वाचली,
आईच्या बेकरीतल्या रात्रपाळीची.
दुसरी ओठांवर होती तेवढ्यात
कालव्यातून जहाज आत आलं,
बर्फ फुटल्यावरचं पहिलं.

एक लांब भोंगा, दोन आखूड.
पुलानं तसंच उत्तर दिलं.
खिडक्या थरथरल्या, आणि भिंतीशी
डुगडुगत्या तिन्ही खुर्च्या
एकदम बोलायला लागल्या.

जहाज बोलत असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही.
थिर्झा थांबली. वाटलं, आता कोट घेणार.
पण आइनोबाईंनी भोंग्याचा तो खालचा स्वर
भात्यात धरला.
जहाज गप्प झालं तरी धरून ठेवला,
जसं मागून कुणी दोन्ही हातांत सामान घेऊन येत असलं
की आपण दार धरून ठेवतो.

थिर्झा त्या दारातून आली.
पीठ, ट्रे, पहाटे चारचा दिवा,
घरी झोपेतही मळत राहणारा आईचा हात.
स्वर एकदाच बदलला.
कुठे, ते मला सांगता येणार नाही,
पण तिथे ऑर्विलनं टोपी काढली.

टाळ्यांना उशीर झाला.
मग कॉफी कुणाच्या खर्चातली यावरून
रीतसर भांडण झालं.
देणगीच्या डब्यात एकवीस डॉलर आणि एक बटण.
बटण वादकांचं, असं कवी म्हणतात.
खुर्च्या मी रात्री साडेदहाला रचल्या.
एक भिंतीशीच विसरलो.

पुढच्या महिन्याचं पत्रक आलंय.
मार्लिसनं तीनदा तपासलंय.
तिसरा गुरुवार कविता, चौथा अकॉर्डियन.
एकही चूक नाही.

मी ते पुढ्यात घेऊन बसलोय.
हातात पेन आहे.